मास्ने जुन्या तबकड्यांवर ऐकायचा तर सुरुवात कुठून? १९०३ ते १९३१ मधल्या चार ध्वनिमुद्रणांची तुलना

फ्रेंच ऑपेराकार ज्यूल मास्नेची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची ठरवली की समोर मुख्यतः चार पर्याय येतात. पहिला, १९०३ ची पॅरिसमधली तबकडीची एकच बाजू: गायिका जॉर्जेत लब्लाँ आणि पियानोवर खुद्द मास्ने. दुसरा, पाथे कंपनीने १९२३ मध्ये भोंग्यासमोर (म्हणजे मायक्रोफोनशिवाय) मुद्रित केलेला ‘मानों’. तिसरा, तोच ऑपेरा कोलंबियाने १९२८-२९ मध्ये मायक्रोफोनवर केलेला. आणि चौथा, कोलंबियाचाच १९३१ चा ‘वेर्थेर’. सुट्या गाण्यांच्या तबकड्या यात धरलेल्या नाहीत, त्यांच्याकडे पुढे वळू.

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगतो. एकच घ्यायचं तर ‘वेर्थेर’ घ्या. दोन परवडत असतील तर १९२८-२९ चा ‘मानों’ जोडा. पाथेचा ‘मानों’ तिसऱ्या क्रमांकावर, तोही त्यातल्या नायिकेच्या, फानी एल्दीच्या आवाजासाठी. १९०३ ची बाजू खरेदीच्या यादीत धरूच नका, पण ऐका मात्र नक्की.

निवड अवघड होते ती एका साध्या कारणाने. मास्ने १९१२ मध्ये गेला. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला १९२५ मध्ये. म्हणजे त्याच्या हयातीतलं जे काही आहे ते सगळं भोंग्यातलं, आणि जे स्वच्छ ऐकू येतं ते सगळं त्याच्या पश्चात. जितकं त्याच्या जवळ जावं तितकं कमी ऐकू येतं. नवा श्रोता हमखास इथेच फसतो. ‘संगीतकार स्वतः वाजवतोय’ म्हटल्यावर तो १९०३ पासून सुरुवात करतो, खरखरीपलीकडे फारसं काही हाती लागत नाही, आणि मास्नेवर कायमची फुली मारून मोकळा होतो.

आधी माणूस

मास्नेचा जन्म १२ मे १८४२ चा, सेंत-एत्येनजवळच्या माँतोचा. शिक्षण पॅरिसच्या काँझर्व्हातुआर या संगीतविद्यालयात. १८५९ मध्ये पियानोचं पहिलं बक्षीस मिळवलं. पोटापाण्यासाठी कॅफेत पियानो आणि नाटकगृहांच्या वाद्यवृंदात टिंपनी (नगारे) वाजवली. रंगमंचावरचा गायक कुठे दम घेतो आणि कुठे अडखळतो हे त्याला वाद्यवृंदाच्या खड्ड्यात बसून कळलेलं आहे, आणि त्याच्या गाण्यांच्या बांधणीत ते दिसतं. आंब्रुआझ तोमाच्या हाताखाली शिकून १८६३ मध्ये त्याने ‘प्री द रोम’ हे रोमला पाठवणारं पारितोषिक जिंकलं. रोममध्ये लिस्टची ओळख झाली, आणि लिस्टच्याच शिफारशीवरून जिला पियानो शिकवायला घेतलं तिच्याशी १८६६ मध्ये लग्न.

पहिलं मोठं यश १८७७ चं, ‘ल रुआ द लाओर’, म्हणजे लाहोरचा राजा. त्यात राजाचं नाव आलिम, नायिका सीता, आणि खलनायक मंत्र्याचं नाव सिंदिया! अकराव्या शतकातल्या लाहोरात शिंदे कुठून आले हे विचारायचं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसला हिंदुस्थानातली जी नावं ऐकून ठाऊक होती ती तिथे आली. या सिंदियाच्या तोंडचं गाणं जुन्या बॅरिटोनांच्या (मधल्या पट्टीच्या पुरुष गायकांच्या) तबकड्यांवर इटालियन अवतारात बऱ्याचदा भेटतं. दुसऱ्याच वर्षी मास्ने काँझर्व्हातुआरमध्ये रचनेचा प्राध्यापक झाला (१८९६ पर्यंत) आणि संगीतकार सेंत-साँसला मागे टाकून फ्रान्सच्या कला अकादमीवरही निवडून आला. शार्पांतिए, ब्र्युनो, रेनाल्दो आन हे त्याचे विद्यार्थी.

‘मानों’ १९ जानेवारी १८८४ ला पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिकमध्ये आला. ‘वेर्थेर’ही तिथेच यायचा होता, पण २५ मे १८८७ ला ते थिएटर जळालं. शेवटी १६ फेब्रुवारी १८९२ ला तो व्हिएन्नात, जर्मन भाषेत रंगमंचावर आला आणि फ्रेंचमध्ये पॅरिसला पोचायला १८९३ उजाडलं. पुढे ‘ताईस’ (१८९४), ‘साफो’ (१८९७), ‘साँद्रियों’ (१८९९), आणि माँते कार्लोत रशियन गायक शाल्यापिनसाठी ‘दाँ किशोत’ (१९१०). १३ ऑगस्ट १९१२ ला पॅरिसमध्ये मृत्यू. तेरा आकड्याची त्याला इतकी धास्ती की हस्तलिखितात तेराव्या पानावर ‘१२ ब’ लिहायचा; तारीख मात्र चुकवता आली नाही.

आता यातलं तबकड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं. पहिली मानों गाणारी मारी एलब्रों १८८६ मध्येच गेली. पहिला दे ग्रिय (मानोंचा प्रियकर), तालाझाक, १८९६ मध्ये. ज्या सिबिल सँडरसनसाठी मास्नेने ‘एस्क्लारमोंद’ आणि ‘ताईस’ लिहिले ती १९०३ मध्ये वारली. तिची तबकडी नाही. म्हणजे ‘मूळ कलाकारांचा आवाज’ शोधत बसलात तर ‘मानों’च्या बाबतीत हाती काहीच लागणार नाही. परंपरा शोधावी लागते, आणि ती सापडते ऑपेरा-कॉमिकच्या पुढच्या पिढीत. तीच पिढी कोलंबियाच्या दोन्ही संचांत गाते. वर्षांचा हिशेब पाहिला तर १९३१ हे साल मास्नेच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांचं. ‘वेर्थेर’ची नायिका निनों व्हालँ तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास, म्हणजे मास्ने गेला तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. अंतर वाटतं तितकं नाही.

१९०३: लब्लाँ आणि मास्ने

‘साफो’मधलं ‘पाँदाँ आँ नाँ’ हे गाणं. चौथ्या अंकात नायिका फानी आपल्या प्रियकराला परत फिरायला विनवते: वर्षभर मी तुझी बायको होऊन राहिले, असा त्याचा सूर. कंपनी ग्रामोफोन अँड टाइपरायटर. हीच कंपनी आदल्या वर्षी मिलानमध्ये इटालियन गायक कारुसोला आणि नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानला मुद्रित करून मोकळी झाली होती. तंत्र तेच, मर्यादा त्याच. लब्लाँ ही नाटककार मेटरलिंकची सहचारिणी, अभिनेत्रीच्या वळणाची गायिका. आवाज काही अव्वल नाही. पण ती शब्द ज्या पद्धतीने सोडते, वाक्याच्या शेवटी स्वर बोलण्याकडे झुकवते, त्याला साथ करणारा पियानो थांबतो, पुढे सरकतो, पुन्हा थांबतो. पियानोवादकाने ती लय आधी ठरवलेली नाही. गायिकेच्या श्वासावर तो चालतो. मास्नेच्या स्वरलिपीत जागोजागी लयीच्या इतक्या बारीक सूचना का लिहिलेल्या असतात, हे या एका बाजूत समजतं.

बाकी पियानो लांबून आल्यासारखा ऐकू येतो, खर्जाचा हात जवळजवळ नाहीच. भोंगा साधारण दोनशे ते दोन हजार हर्ट्झच्या पट्ट्यातलंच धरतो. म्हणून ही बाजू ‘वेर्थेर’ नीट ऐकून झाल्यावर ऐकायची. तेव्हा कान गाळलेल्या जागा स्वतः भरतो. याच काळात संगीतकार देब्युसीनेही (१९०४) गायिका मेरी गार्डनला पियानोवर साथ केलेल्या चार बाजू आहेत. त्या शेजारी ठेवल्या तर तुलना आणखी रंगते.

दोन ‘मानों’ समोरासमोर

खरी निवड इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पाथेच्या संचात मानों फानी एल्दी, दे ग्रिय जाँ मार्नी, मानोंचा चुलतभाऊ लेस्को लेओं पोंझ्यो, वाद्यवृंद-संचालक आंरी ब्युसेर. कोलंबियाच्या संचात मानों जर्मेन फेराल्दी, दे ग्रिय जोझेफ रोगाचेव्स्की, लेस्को जॉर्ज व्हिलिए, दे ग्रियच्या बापाच्या भूमिकेत लुई गेनो, संचालक एली कोएन, वाद्यवृंद आणि वृंदगायक ऑपेरा-कॉमिकचेच.

नायिकेपुरतं बोलायचं तर पाथे जिंकतो. एल्दी बेल्जियन, आवाजाला किंचित धार, आणि मानोंचा स्वभाव तिच्या स्वरातच आहे. कॉन्व्हेंटच्या वाटेवरची भाबडी पोर दोन अंकांत पॅरिसची राणी होते, हे ती आवाजाचा रंग बदलून दाखवते. फेराल्दी अधिक हलकी, स्वच्छ, वरच्या स्वरांत सहज. तिची मानों गोड आहे, धोकादायक नाही. ‘आद्यू, नोत्र प्तित ताब्ल’ या निरोपाच्या गाण्यात मात्र फेराल्दीचा साधेपणाच कामी येतो. शेवटच्या ‘ताब्ल’मधला अर्धा ‘अ’ ती गिळत नाही आणि ताणतही नाही, नुसता टेकवते. फ्रेंच गाण्याची परीक्षा याच अर्ध्या अक्षरावर होते. आजचे बरेच गायक एक तर ते खाऊन टाकतात किंवा त्याचा पूर्ण स्वर करतात.

नायकाच्या बाबतीत पारडं उलटं. युक्रेनमध्ये जन्मलेला रोगाचेव्स्की ब्रुसेल्स आणि पॅरिसचा लाडका टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक). दुसऱ्या अंकातलं स्वप्नाचं गाणं, ‘आँ फेर्मां ले झ्यू’, हे पूर्ण आवाजात गायचं गाणंच नाही. डोळे मिटून पाहिलेलं घर आहे ते. रोगाचेव्स्की ते अर्ध्या आवाजात सुरू करतो आणि वरच्या स्वरालाही छातीचा जोर लावत नाही. मायक्रोफोन नसता तर हा आवाज तबकडीवर उतरलाच नसता, आणि पाथेच्या संचाची नेमकी हीच अडचण आहे. भोंग्यासमोर हळू गायलं की खाचेत काही कोरलंच जात नाही, जोरात गायलं की सुई फाटल्यासारखी थरथरते. म्हणून त्या काळी गायक मंद्र स्वरांना भोंग्यात तोंड घालायचे आणि तारस्वराला मागे सरायचे. हा पुढे-मागेचा खेळ कानाला कळतो, आणि मार्नीच काय, कोणाचंही अर्ध्या आवाजातलं गाणं त्यात सपाट होतं.

सें-स्युल्पीस चर्चचा प्रवेश (तिसरा अंक) दोन्हीकडे आलटून पालटून ऐका. दे ग्रिय आता पाद्री झालाय, मानों त्याला परत ओढायला येते. ‘नेस प्ल्यू मा मँ’, हा माझाच हात नाही का, असं विचारते. एल्दीकडे इथे आर्जवामागे खात्री ऐकू येते: तो येणारच. फेराल्दी खरोखर विनवते. नाट्य म्हणून एल्दी, पण द्वंद्वगीत म्हणून कोलंबिया, कारण तिथे दोन्ही आवाज एकाच खोलीत आहेत आणि मागे ऑर्गन-वाद्यवृंदाचं अंतर आहे.

वाद्यवृंदाचा प्रश्न तर सोडूनच द्या. भोंग्याच्या काळात व्हायोलिनांच्या जागी बऱ्याचदा कर्णा जोडलेली स्ट्रो व्हायोलिनं, डबल बासच्या जागी ट्यूबा किंवा बासून ही फुंकवाद्यं, आणि एकूण माणसं मोजकी. मास्नेच्या वाद्यवृंदाची जी तलम वीण, ती त्यात उरत नाही. ‘मानों’मध्ये आणखी एक पेच आहे: बरेच संवाद वाद्यवृंदावर नुसते बोलले जातात. गाण्यातून बोलण्यात आणि परत गाण्यात जाताना सांधा दिसू नये ही सगळी गंमत. भोंग्याला बोललेला शब्द नीट पकडता येत नाही, म्हणून तो ओरडून म्हणावा लागतो आणि सांधा उघडा पडतो. कोएनकडे हे संवाद नैसर्गिक आहेत. त्याची लयही चपळ. आधुनिक ध्वनिमुद्रणांत हा ऑपेरा जितका रेंगाळतो तितका इथे रेंगाळत नाही.

ब्युसेरच्या बाजूने एक सांगायला हवं. १८७२ चा जन्म, म्हणजे मास्ने जिवंत असतानाच पॅरिसच्या थिएटरांत मुरलेला हा माणूस. त्याच्या लयी म्हणजे त्या काळची साक्ष आहे. अभ्यासकाला या संचाचं मोल त्यासाठी. नुसतं ऐकून आनंद घ्यायचा असेल तर नाकापेक्षा मोती जड.

१९३१ चा ‘वेर्थेर’

शार्लोत: निनों व्हालँ. वेर्थेर: जॉर्ज तिल. धाकटी बहीण सोफी: तीच जर्मेन फेराल्दी, आणि तिच्या आवाजाला ही भूमिका ‘मानों’पेक्षा जास्त शोभते. शार्लोतचा नवरा आल्बेर: मार्सेल रोक. शार्लोतचे वडील: आर्मां नार्सों. संचालन पुन्हा एली कोएन, वृंद ऑपेरा-कॉमिकचा.

हा संच पहिल्या क्रमांकावर ठेवण्यामागे तीन कारणं आहेत. पहिलं, तिल. नेपल्समध्ये टेनर फेर्नांदो दे लुचियाकडे शिकलेला असूनही इटालियन हुंदका त्याच्या गळ्यात नाही. ‘पुर्क्वा म रेवेये’ या गाण्यात दोन कडवी, प्रत्येक कडव्याला वरचा एक चढ. बहुतेक टेनर पहिल्याच चढाला सगळं ओतून मोकळे होतात. तिल पहिलं कडवं कविता वाचल्यासारखं घेतो, कारण कथेत तो खरोखरच हातातली वही वाचतोय, आणि दुसऱ्या कडव्यात कविता त्याची स्वतःची होते. दुसरं कारण व्हालँ. तिसऱ्या अंकातला पत्रांचा प्रवेश तिच्याकडून ऐकताना गाणं चाललंय हेच विसरायला होतं. ती पत्रं वाचते. तिचा आवाज मेझोचा (खालच्या पट्टीच्या गायिकेचा) जड आवाज नाही, पण शब्द इतके पुढे की भाषा न कळणाऱ्यालाही कुठलं वाक्य पत्रातलं आणि कुठलं तिच्या मनातलं हे ओळखता येतं. त्याच अंकातल्या ‘व्हा, लेस कुले मे लार्म’ या अश्रूंच्या गाण्यामागे मास्नेने सॅक्सोफोन लिहिलाय. तो शोधून ऐका. भोंग्याच्या काळात हे वाद्य आवाजातून वेगळं काढता येणं मुश्किल.

तिसरं कारण व्यवहाराचं. ‘वेर्थेर’ चार अंकांचा, दोन तासांच्या आसपासचा, पात्रं मोजकी, नाच नाही, गर्दीचे प्रवेश नाहीत. चार मिनिटांच्या बाजूत तोडला तरी तो तग धरतो. तीन-साडेतीन मिनिटांत मावलेली जुनी नाट्यगीतं ज्यांनी ऐकलीत त्यांच्या कानाला हा तुकड्यांचा प्रकार नवा नाही. ‘मानों’चे गर्दीचे प्रवेश, विशेषतः कुर-ला-रेनची जत्रा, असे तुकडे झाले की धागा सुटतो.

उणं काय? रोकचा आल्बेर फिका आहे. व्हायोलिनांच्या मींडी आजच्या कानाला अति वाटतील; तेव्हाची ती पद्धतच होती, दोन-तीन बाजूंनंतर सवय होते.

सुट्या बाजूंबद्दल थोडक्यात

दे लुचियाने १९०२ मध्ये पियानोच्या साथीवर ‘मानों’चं स्वप्न आणि ‘वेर्थेर’मधलं गाणं इटालियनमध्ये गायलं: अलंकारांनी लदलेलं, लय हवी तशी वाकवलेली. सुंदर आहे, पण मास्नेपेक्षा दे लुचिया जास्त. कारुसोचं १९११ चं, ‘मानों’मधलं ‘आ! फ्युइये, दूस इमाज’ फ्रेंचमध्ये आहे आणि पाद्रीपेक्षा सेनापतीचं वाटतं. बॅरिटोन मात्तिया बात्तिस्तिनीसाठी मास्नेने ‘वेर्थेर’च्या नायकाची ओळ स्वतः बदलून दिली होती; त्याची १९११ ची तबकडी कुतूहल म्हणून ऐकाच. फ्रेंच टेनर एदमों क्लेमाँच्या व्हिक्टर कंपनीच्या बाजू मात्र फ्रेंच शैलीचा आदर्श. भोंग्यातलं फक्त एकच नाव ऐकायचं तर हे. आणि शाल्यापिनने १९२७ मध्ये ‘दाँ किशोत’चा मृत्यूप्रसंग मुद्रित केला त्यात दाँ किशोत आणि सांचो दोघांचेही संवाद तोच गातो. पहिल्या प्रयोगातला नायक, मायक्रोफोनवर: मास्नेच्या बाबतीत असा योग क्वचितच.

मूळ तबकड्या की सीडी-डिजिटल?

बहुतेकांसाठी उत्तर सरळ आहे: चांगलं हस्तांतरण (तबकडीवरून डिजिटलमध्ये उतरवलेली प्रत) घ्या. ‘वेर्थेर’ नॅक्सॉसच्या ऐतिहासिक मालिकेत आलेला आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर जुन्या तबकड्यांचा मोठा साठा ऐकायला खुला आहे. हस्तांतरण निवडताना खरखर किती कमी आहे हे पाहू नका. ‘लेस’मधला स आणि ‘प्तित’मधले त ऐका. ते बोथट असतील तर खरखरीबरोबर आवाजाचं वरचं टोकही कापलेलं आहे. गायक थांबताक्षणी मागची खरखरही थांबत असेल तर तेही हस्तांतरण टाळा. ती सॉफ्टवेअरची करामत, आणि स्वराची शेपटी तिच्यात नाहीशी होते.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक अडचण. तिथल्या कायद्याने १९२३ ची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२४ ला मुक्त झाली, पण १९३१ ची मुक्त व्हायला १ जानेवारी २०३२ उजाडेल. भारतात प्रकाशनानंतर साठ वर्षांची मुदत आहे, ती कधीच संपली. त्यामुळे एकच दुवा पुण्यात उघडतो आणि न्यू जर्सीत उघडत नाही, असं होऊ शकतं.

मूळ तबकड्याच हव्या असतील तर आधी वेगाचं गणित. ‘७८’ हा आकडा १९०३ मध्ये कोणी पाळत नव्हतं. ७३.६ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर लावली की पट्टी एका सेमीटोनने (अर्ध्या स्वराने) चढते आणि गायक घाईत असल्यासारखा वाटतो. सेमीटोनला सुमारे सहा टक्के, एवढं लक्षात ठेवा. पट्टी पडताळायला स्वरलिपी हाताशी घ्या: ‘पुर्क्वा म रेवेये’ एफ शार्प मायनरमध्ये आहे आणि टेनरचा सर्वांत वरचा स्वर ए शार्प. फ्रान्समध्ये तेव्हा ए चा स्वर ४३५ हर्ट्झचा होता, आजच्या ४४० चा नव्हे, म्हणून आजच्या ट्यूनरवर वीस सेंट (सेमीटोनचा पाचवा भाग) खालीच यायला हवं. तंतोतंत जुळलं तर वेग किंचित जास्त आहे. इटालियन गायकांवर हा नियम आंधळेपणाने लावू नका, ते सर्रास पट्टी उतरवून गायचे. विसाच्या दशकातल्या कोलंबियाच्या अनेक तबकड्यांवर ८० छापलेलं असतं. ते खरं माना. ७८ वर लावलीत तर जवळजवळ अर्धा सेमीटोन उतरते.

पाथेच्या तबकड्या हे वेगळंच प्रकरण. इतर तबकड्यांत खाच डावी-उजवीकडे नागमोडी जाते, पाथेत ती खालीवर होते. तिला नीलमणी गोळीची सुई लागते, सुमारे ०.२ मिलिमीटर त्रिज्येची. साध्या शेलॅक (लाखेच्या) तबकडीला ०.०७ ते ०.०९ पुरते. साध्या ग्रामोफोनची पोलादी पिन पाथेवर टेकवली तर आवाज तर येणार नाहीच, वर खाच नांगरली जाईल. लेबलाच्या जागी कोरलेली अक्षरं असलेल्या जुन्या पाथे तबकड्या मध्यातून बाहेर वाजतात आणि ९० ते १०० फेऱ्यांनी फिरतात. कागदी लेबलवाल्या नंतरच्या तबकड्या बाहेरून आत, ८० च्या आसपास. मध्यातून सुरू होणारी तबकडी स्वयंचलित टर्नटेबलवर लावू नका, दांडी उचलून घेईल. हाताने ठेवायच्या टर्नटेबलवर अँटी-स्केट शून्यावर ठेवा. ९० चा वेग नसेल तर ४५ वर वाजवून संगणकावर दुप्पट करा. स्टीरिओ कार्ट्रिजने घेतलेल्या फाइलमध्ये एक वाहिनी उलटी करून मग दोन्ही मिसळल्या की खालीवर खाचेचा आवाज उरतो. साध्या तबकडीला न उलटता मिसळायचं. आणि आरआयएए प्रीअँप वापरू नका. तो एलपीसाठी आहे. भोंग्याच्या तबकड्यांना सपाट प्रीअँप लागतो, नाहीतर खर्ज फुगतो आणि शब्द गुदमरतात. शिवाय पाथेने बऱ्याच काळापर्यंत आधी मोठ्या सिलिंडरवर मुद्रण करून मग त्यावरून तबकडी कोरली, त्यामुळे मूळ तबकडीतच एक घरघर असते. ती तुमच्या यंत्राचा दोष नव्हे.

मुंबईत चोर बाजारातल्या पितळी भोंग्याच्या ग्रामोफोनवर हे संच वाजवायचा मोह टाळा. त्यातले पुष्कळसे निरनिराळ्या सुट्या भागांतून जुळवलेले असतात आणि जड साउंडबॉक्स १९३१ च्या बारीक खाचांची दोन-चार वेळांतच चाळण करतो. फारच हौस असेल तर एखादी तडकलेली तबकडी वेगळी ठेवा, आणि पिन दर बाजूला बदला.

कोकण-मुंबईच्या दमट हवेत शेलॅकवर बुरशी धरते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य द्रव साबणाचा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभी वाळवा. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल अजिबात लावू नका, शेलॅक त्यात विरघळतं. उन्हात उभ्या गाडीत ठेवलीत तर तबकडी वाकते.

‘वेर्थेर’चा कोलंबिया संच पंधरा तबकड्यांचा, ‘मानों’चा अठरा. बारा इंची शेलॅक असल्यामुळे एकेक संच चांगलाच जड होतो. टपालाने मागवताना प्रत्येक दोन तबकड्यांमध्ये पन्हळी पुठ्ठा आणि संच उभा, अशी अट विक्रेत्याला आधीच लिहून कळवा. आडवा रचलेला संच हमखास फुटतो. पैसे पाठवण्याआधी प्रत्येक लेबलचा फोटो मागवा आणि बाजूंचे क्रमांक जुळवा. काही संच एकेक तबकडी उलटून ऐकण्यासाठी १-२, ३-४ असे जोडलेले असतात, काही आपोआप तबकडी बदलणाऱ्या यंत्रासाठी पहिली बाजू शेवटच्या बाजूच्या पाठीला, दुसरी उपान्त्य बाजूच्या, असे. दोन वेगळ्या जोडणीच्या संचांतून एक संच पुरा केलेला असला तर काही बाजू दोनदा येतात आणि काही येतच नाहीत. ‘वेर्थेर’मध्ये पत्रांच्या प्रवेशाच्या आणि ‘पुर्क्वा म रेवेये’च्या बाजू नीट तपासा: लोकांनी त्याच सगळ्यात जास्त वाजवल्या, म्हणून त्याच सगळ्यात झिजलेल्या सापडतात.